ससा राखला, गवताचं काय?

माळावरच्या सशाचा विषय निघाला की ‘ससा हलाल आहे का?’ हा प्रश्न हमखास येतो. सुन्नी फिकहनुसार हलाल, शिया मतानुसार हराम. पण आपल्याकडे हा वाद आता गैरलागू आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रानसशाची शिकार हा गुन्हा आहे. रात्री बॅटरीच्या झोतात बावचळलेला ससा मारणं बेकायदा आहे; मारणारा कुठल्याही धर्माचा असो.

खरा प्रश्न पुढचा आहे. शिकार थांबली तरी ससा राहणार कुठे?

पिंजऱ्यातला पांढरा, लाल डोळ्यांचा ससा वेगळा आणि माळावरचा वेगळा. याचा रंग सुकल्या गवतासारखा, मानेवर मागच्या बाजूला काळा डाग. हा बीळ खोदत नाही. गवतात अंगाच्या मापाचा खळगा करून दिवसभर दबून बसतो आणि अंधार पडला की चरायला निघतो. पिल्लंही उघड्यावरच जन्मतात; अंगावर केस असतात, डोळे उघडे असतात. धोका आला की लहान पिल्लू निपचित पडून राहतं. कोल्ह्यापुढे ही युक्ती बऱ्याचदा चालते. वणव्यापुढे आणि जेसीबीपुढे चालत नाही.

या माळांची नोंद सरकारी दप्तरात ‘पडीक’ अशी होते. पडीक म्हटलं की ती ‘उपयोगात’ आणायची घाई होते. कुठे प्लॉट पडतात, कुठे खड्डे खणून झाडं लावतात. झाडं लावली म्हणून आपण खूशही होतो. पण लांडगा, खोकड, गरुड ज्या सशाची शिकार करतात, त्याचं घर उघड्या गवतात असतं, हे लक्षात घेत नाही.

मक्केच्या हरम हद्दीत शिकारीच्या जनावराला हुसकावणं मना आहे. तिथलं आपोआप उगवलेलं गवत आणि काटेरी झुडूप तोडणंही मना आहे. हदीसमध्ये अपवाद आहे तो इजखिर गवताचा. म्हणजे जनावर आणि त्याचा आसरा, दोघांना एकत्र अभय दिलं आहे. आपला कायदा मात्र अभयारण्याबाहेर सशाला अभय देतो, त्याच्या गवताला देत नाही.

निदान आपल्या गावापुरतं दोन गोष्टी करता येतील. उन्हाळ्यात माळाचं गवत पेटवणं थांबवावं. आणि एखादा माळ ‘पडीक’ म्हणून ग्रामसभेपुढे आला, तर त्याचं काय करायचं हे ठरवण्याआधी तिथे कोण राहतं, एवढं विचारावं.