रिकामा संगणक आणि विश्वासाचा कारभार

आम्ही हेब्बाळ परिसरात राहणारी मराठी मंडळी काय किंवा अन्यत्र स्थायिक झालेले आपले बांधव काय, घरोघरी संगणक आहे आणि दिवसाचा बराच काळ तो नुसता पडून असतो. अशा संगणकांची शक्ती संशोधनासाठी वापरण्याचा मोठा प्रयोग बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १७ मे १९९९ रोजी ‘सेटी ॲट होम’ या नावाने सुरू झाला. रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या संकेतांचे तुकडे स्वयंसेवकांच्या संगणकांकडे पाठवायचे व उत्तरे परत घ्यायची, अशी ती रीत. मार्च २०२० अखेर तेथील कामवाटप थांबले. परंतु डेव्हिड अँडरसन यांनी २००२ पासून विकसित केलेल्या ‘बॉइंक’ या मुक्त संगणकप्रणालीवर इतर अनेक प्रकल्प आजही चालतात.

प्रशासनात वावरलेल्या मला या प्रणालीतील गणितापेक्षा तिचा कारभार अधिक मोलाचा वाटतो. अनोळखी स्वयंसेवकाकडून ती ना शपथपत्र मागते, ना शिफारस. सामान्यतः एकच काम दोघांना देऊन ती उत्तरे ताडून पाहते. जुळली नाहीत तर ते तिसऱ्याकडे पाठवते. मुदतीत उत्तर आले नाही, तर काम दुसऱ्याला जाते. कोणाच्या टेबलावर अडून राहत नाही. ज्याची उत्तरे सातत्याने बरोबर ठरतात, त्याची फेरतपासणी कमी करण्याचीही तीत सोय आहे. आपल्या कचेऱ्यांत मात्र वर्षानुवर्षे चोख वागलेल्या अर्जदारालाही दरवेळी तेच कागद नव्याने जोडावे लागतात.

हे श्रमदान फुकटचे नाही, हेही मान्य केले पाहिजे. विजेचे देयक स्वयंसेवक भरतो. म्हणूनच कार्यालयातील संगणक परवानगीवाचून अशा कामी लावणे, हेतू कितीही उदात्त असला तरी, मला गैर वाटते.

‘आइन्स्टाइन ॲट होम’ हा प्रकल्प २००५ पासून लायगो वेधशाळांच्या नोंदींत गुरुत्वीय लहरींचा माग काढत आहे. २०१० मध्ये त्याच्या स्वयंसेवकांच्या संगणकांनी अरेसिबो दुर्बिणीच्या नोंदींतून एक नवा पल्सार शोधला. आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या नोंदींच्या विश्लेषणात नागरिकांचा वाटा आजच आखून ठेवावा आणि त्याच्या सूचना मराठीतही असाव्यात, असे माझे मत आहे. ज्या जनतेच्या करातून वेधशाळा उभी राहते, तिला उद्घाटनाच्या टाळ्यांपलीकडेही काही काम द्यायला हवे.