दंड भरण्याआधी सल्ला कोण देणार?

परभणी - वाहतूक पोलिसांशी चौकात होणारी हुज्जत आता कमी झाली आहे. मोबाईलवर संदेश येतो. त्यात वाहनाचा क्रमांक आणि रक्कम असते. ई-चलानमुळे रोखीचा व्यवहार टळला, हे मान्यच केले पाहिजे. मात्र, समोरासमोर बाजू मांडण्याची जी थोडीफार संधी होती, तीही त्याबरोबर गेली. ती परत मिळवून देण्याचे काम मोफत विधी सल्ला केंद्रातील स्वयंसेवक करू शकतात. परभणी जिल्ह्यात त्याची निकड आहे.

दंडाची रक्कम आता किरकोळ राहिलेली नाही. मोटार वाहन कायद्यातील वाढीव दंडाच्या तरतुदी देशात १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाल्या. महाराष्ट्राने त्यांची अंमलबजावणी डिसेंबर २०२१ मध्ये केली. परवान्याविना वाहन चालविल्यास ५ हजार रुपये, तर विमा नसल्यास पहिल्या वेळी २ हजार रुपये दंड आहे. रोजगार हमीचा दर २०२५-२६ मध्ये राज्यात दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे परवान्याचा एक दंड हा १६ दिवसांच्या मजुरीएवढा ठरतो.

मोफत कायदेशीर मदतीची तरतूद जुनीच आहे. राज्यघटनेत १९७६ मध्ये ३९-अ हे कलम आले. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा; तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मदत मिळते. राष्ट्रीय प्राधिकरणाने २००९ मध्ये विधी स्वयंसेवकांची योजना आखली, तर २०११ मध्ये गावपातळीवरील सल्ला केंद्रांचे विनियम केले. तरीही ही मदत खून, घटस्फोट किंवा जमिनीच्या दाव्यासाठीच असते, असा समज आहे. दंडाची पावती घेऊन प्राधिकरणाकडे जाण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

स्वयंसेवकाचे पहिले काम चलान वाचून दाखविण्याचे. आठवडी बाजारात दुचाकी विकली, मुद्रांकावर सह्या झाल्या. पण परिवहन कार्यालयात नाव बदलले नाही, तर दंड जुन्या मालकाच्याच नावे येतो. कायद्यानुसार राज्यांतर्गत विक्रीची माहिती मालकाने १४ दिवसांत द्यायची असते. क्रमांक चुकीचा टिपला गेला असेल, तर छायाचित्र पाहून ‘महाट्रॅफिक’ ॲपवर तक्रार करता येते. केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने सामान्यतः ६ महिन्यांत घ्यायची असते, हेही अनेकांना ठाऊक नसते. मद्यपान करून वाहन चालविण्याच्या गुन्ह्यात तडजोड नाही. तेथे थेट वकिलाकडेच पाठवावे लागते.

खरी कसोटी लोकअदालतीच्या वेळी लागते. लोकअदालतीचा पाया संमतीचा आहे आणि तिचा निवाडा अंतिम असतो. त्यावर अपील नाही. आपले वाहन त्या दिवशी त्या रस्त्यावर नव्हतेच, असे म्हणणारा माणूसही रांगेत उभा राहून पैसे भरतो आणि बाजू मांडण्याचा हक्क गमावतो. समजून दिलेली संमती आणि घाबरून दिलेली संमती यांतील फरक निकाली प्रकरणांच्या आकड्यांत दिसत नाही. तो फरक जपण्यासाठीच दाराशी कोणीतरी हवे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. नियम मोडणाऱ्यांना अशी मदत कशाला? पण सल्ला म्हणजे माफी नव्हे. स्वयंसेवक वकील नसतो. तो न्यायालयात युक्तिवाद करू शकत नाही आणि दंड माफही करू शकत नाही. ज्याची चूक आहे, त्याला दंड भरण्यास आणि परवाना काढण्यास तोच सांगू शकतो. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला २५ हजार रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे बापाला आधीच समजले, तर रस्ता अधिक सुरक्षित होईल.

त्यासाठी नवी इमारत नको की नवा कायदा. लोकअदालतीच्या आधीचे आठ दिवस परिवहन कार्यालयात आणि गंगाखेड, जिंतूर, सेलू येथील न्यायालयांच्या आवारात एक टेबल व दोन खुर्च्या मांडाव्यात. जिल्हा प्राधिकरणाचे स्वयंसेवक आणि विधी महाविद्यालयाचे विद्यार्थी तेथे बसावेत. चलानच्या संदेशातच १५१०० हा मदत क्रमांक छापावा. गंगाखेडच्या मजुराला एका शंकेसाठी सुमारे ४० किलोमीटरचा प्रवास करून परभणी गाठावी लागणे, हाही एक दंडच आहे. तो मात्र कोणत्याही कायद्यात लिहिलेला नाही.