पहिला नंबर कोणाचा?

गाण्याची थोरवी मोजून ठरते, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट बसली आहे. मला ती मुळीच मान्य नाही. आमच्या कुरुंद्यात स्नेहसंमेलनासाठी गाणे निवडायचे झाले, की मुले चाल गुणगुणून दाखवत नाहीत. ते किती लाख लोकांनी पाहिले, तेवढे सांगतात. "अरे, पण तुला आवडले का?" असे विचारले, तर पोरगा माझ्याकडे बघतच राहतो!

या आकड्याचे वेड जुनेच. १९५२ साली बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोक निमूटपणे रेडिओ सिलोनकडे वळले. तिथे त्याच वर्षीच्या ३ डिसेंबरला अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. पुढे दुकानांतला तबकड्यांचा खप आणि श्रोत्यांची पत्रे पाहून गाण्यांना पायऱ्या मिळू लागल्या. बहिणींना आधी हाक मारणाऱ्या त्या गोड माणसाशी माझे भांडण नाही. २०२४ साली ते गेले, तेव्हा मीही हळहळलो. हुकमाने कान घडत नाहीत, हे केसकरांना लोकांनी दाखवून दिले. पण मोजणीने तरी घडतात का?

त्या माळेत मराठी भावगीताला जागाच नव्हती. म्हणून ते मेले थोडेच! मेहकर आमच्यापासून काही फार लांब नाही. तिथले वकील ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशींनी गायिली आणि १९३२च्या सुमारास तिची तबकडी घरोघर पोचली. जोशीही वकिलीच शिकलेले. (गाण्यापायी दोन वकील बिघडले म्हणायचे!) हेच जोशी १९३८ साली एचएमव्हीच्या नोकरीत शिरले आणि पुढे तीनेक दशके कोणाचा आवाज तबकडीवर उतरवायचा, हे पाहात राहिले. त्यांचे 'स्वरगंगेच्या तीरी' घरात नसेल, तर या दिवाळीत फटाक्यांचे थोडे पैसे वाचवून जरूर आणा.

साठीच्या दशकात शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा हे तिघे अजून तिशीच्या आसपासचे होते. संतूर, बासरी, आणि रागदारीसाठी चक्क गिटार! जोशींनी त्यांना एकत्र बसवून 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी काढली. आज ती जगभर ऐकतात. असल्या मेळाला आधी मते मागितली असती, तर किती मिळाली असती?

कोणी म्हणेल, मास्तर, जोशीही कंपनीचेच नोकर; खपाचा हिशेब त्यांनाही द्यावा लागत असेलच. लागत असेल की! पण तो हिशेब गाणे झाल्यावर यायचा. आता तो गाण्याच्या आधी येऊन दारात बसतो, आणि गाणाऱ्यालाच विचारतो, "तुझ्यामागे माणसे किती?"

आमच्या गावच्या भजनात एका म्हाताऱ्याचा आवाज असा लागतो, की मृदंगवाल्याचा हात क्षणभर थबकतो. त्या आवाजामागे माणसे किती? काकड्याला जमतात तेवढी, पंधरा-वीस. त्याच्यासाठी मुंबईहून वसमतच्या गाडीत बसेल असा माणूस आज कोणत्या कंपनीत आहे, तेवढे मला कोणीतरी कळवावे.