धूर घरातला, म्हणून बिनमोल?

१९८१ साली आपल्या देशात हवा प्रदूषणाविरुद्ध कायदा झाला. त्याचा रोख कारखान्यांच्या धुराड्यांवर होता. स्वयंपाकघरातला धूर मात्र ‘घरगुती बाब’ राहिला. नवऱ्याची मारहाण घरगुती, तसा बाईच्या छातीत जाणारा धूरही घरगुती!

हा धूर मोजायला घेतला अमेरिकन शास्त्रज्ञ कर्क स्मिथ यांनी. भारतीय सहकाऱ्यांबरोबर त्यांनी गुजरातमधल्या चार गावांत चुलीपुढे बसणाऱ्या बायांच्या अंगावर हवा तपासणारी छोटी यंत्रे लावली. निष्कर्ष १९८३ साली छापून आले: स्वयंपाक चालू असताना घनमीटरभर हवेत सरासरी ७ मिलिग्रॅम धूलिकण. डोळे चुरचुरतात, दम लागतो, हे बाया पिढ्यान्‌पिढ्या सांगतच होत्या. पण बाईचा खोकला हा पुरावा नसतो. यंत्राचा आकडा असतो.

स्मिथ २०२० साली वारले, तोवर त्यांनी हा प्रश्न सोडला नाही. अर्धवट जळलेल्या लाकडातून मिथेन आणि काजळी बाहेर पडते, ती बाईलाही जाळते आणि हवामानालाही तापवते, हे त्यांनी मांडले. मग मात्र जगाला चूल दिसली! पण मैत्रिणींनो, पृथ्वी तापवल्याचा ठपका काटक्या वेचणारीवर येऊ देता कामा नये. पोटासाठी पेटलेली चूल आणि चैनीसाठी धावणारी गाडी एका तागडीत घालू नका, असे अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ सालीच बजावले होते.

सरकारने आधी ‘सुधारित’ चुली वाटल्या. गरिबांना थोडा कमी धूर नको, श्रीमंतांकडे आहे तोच गॅस किंवा वीज द्या, या मताला स्मिथ पुढे आले. २०१६ साली उज्ज्वला योजनेत बाईच्या नावाने गॅसजोडणी आली. नाव तिचे, पण पैसा कुणाच्या हातात? सिलिंडर संपला की घरात हिशेब होतो: गॅस महाग, सरपण फुकट. फुकट कसे? मैलोन्‌मैल तुडवून ती मोळी आणते त्या श्रमाची मजुरी कुणी धरली?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या धुराने जगभरात सुमारे ३२ लाख बळी घेतले. म्हणून नुसत्या जोडण्यांचे आकडे आम्हाला ऐकवू नका. दुसरा, तिसरा, दहावा सिलिंडर गरीब घराला परवडेल अशा किमतीत हवा. सरपणाचे श्रम हिशेबात धरले पाहिजेत. आणि चुलीपुढे कायम बाईनेच का बसायचे, हा प्रश्न गॅस आला तरी आम्ही विचारणारच!