मागे बसणारीचंही वजन धरा!

मैत्रिणींनो, घरात मोटरसायकल घ्यायची ठरली की काय काय बघितलं जातं? ॲव्हरेज किती, हप्ता किती, रंग कोणता. नवरा नाहीतर मुलगा एक चक्कर मारून येतो आणि 'मस्त आहे' म्हणतो. मागच्या सीटवर बसून बघ, असं मात्र आपल्याला कुणी म्हणत नाही. आणि पुढची दहा वर्षं बाजार, माहेर, दवाखाना, लग्नकार्य हा सगळा प्रवास आपण त्याच सीटवरून करणार असतो!

रात्री कंबर धरली की आपण वयाला नाहीतर रस्त्याला बोल लावतो. रस्ते खराब आहेतच. पण गाडीतलीच एक गोष्ट अशी आहे, जी पाच-दहा मिनिटांत, पदरचा पैसा न घालता बदलता येते. बऱ्याच घरांत गाडी आणल्या दिवसापासून तिला कुणी हातच लावलेला नसतो. ती म्हणजे मागचे शॉकअप.

एसटीच्या शेवटच्या बाकावर कसं उडायला होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. इथेही तेच. चालवणारा दोन चाकांच्या मधे बसतो. हातात हँडल, पायाखाली फूटरेस्ट. खड्डा दिसला की किंचित उठतो. आपण बसतो जवळजवळ मागच्या चाकावरच. खड्डा दिसत नाही, आणि साडी नेसून एका बाजूला बसलं तर पायावर भार घेऊन उठताही येत नाही. सगळा दणका थेट पाठीच्या कण्याला.

शॉकअपचं काम सोपं आहे. बाहेरची स्प्रिंग वजन पेलते, आतलं तेल त्या स्प्रिंगचं नाचणं थांबवतं. स्प्लेंडरसारख्या बऱ्याच साध्या गाड्यांना मागे दोन शॉकअप असतात आणि प्रत्येकाला पाच पायऱ्या. स्प्रिंगच्या टोकाशी खाचा असलेली एक गोल कडी दिसेल. ती फिरवली की स्प्रिंग कमी-जास्त दाबून बसते. एकट्या माणसाला मऊ पायरी पुरते. पण त्याच पायरीवर दोघं बसले, वर बाजाराची पिशवी आली, की गाडीची मागची बाजू आधीच खाली बसते. मग खड्ड्यासाठी जागाच उरत नाही आणि शॉकअप तळाला आपटतो. 'मऊ ठेवलंय, बरं वाटेल' हे डबलसीटला लागू पडत नाही ते यामुळे.

प्रश्न नुसत्या कंबरेचा नाही. मागची बाजू बसली की पुढचं चाक हलकं होतं, वळणावर गाडी नीट वळत नाही. रात्री हेडलाइटचा झोत वर उठून समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि आपल्या पुढचा रस्ता अंधारात राहतो.

तर करायचं काय? गाडी थंड असताना मधल्या स्टँडवर उभी करायची. कडी फिरवायचा आकड्यासारखा पाना बहुतेक गाड्यांच्या टूलकिटमध्ये असतो, नसला तर कोणत्याही गॅरेजमध्ये मिळेल. दोघांसाठी एक-दोन पायऱ्या कडक करायच्या. मात्र दोन्ही बाजू एकाच खाचेवर हव्यात, हे पक्कं लक्षात ठेवा. नेहमीच्या रस्त्यावर फिरून या आणि मागे कसं वाटलं ते तुम्ही सांगा. मागच्या टायरची हवाही बघा. डबलसीटसाठी वेगळा, जास्त आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. सीट दाबून सोडल्यावर गाडी दोन-तीनदा हेलकावत असेल किंवा शॉकअपवर तेल झिरपलेलं दिसत असेल, तर पायरी बदलून भागणार नाही. जोडी बदलावी लागेल. एकच शॉकअप असलेल्या गाडीचं काम सरळ मेकॅनिककडे द्यावं. आणि हो, पाचवी पायरी ही चौघांसाठी नसते! कायद्याने मागे एकच माणूस बसायचं, तेही हेल्मेट घालून.

मागे बसणारीचा विचार कायद्याने केलेला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२३ सांगतो, की मोटरसायकलला धरायला मूठ, पाय ठेवायला आधार आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून जाळी हवी. ती जाळी 'शोभत नाही' म्हणून कितीतरी घरांत काढून टाकली जाते. काढताना पदर सांभाळणारीला कुणी विचारतं का?

विचारत नाहीत, तर आपण सांगायला हवं. 'तुला गाडीतलं काय कळतं?' असं उत्तर येईल. गाडीतलं नसेल कळत, पण आपल्या पाठीतलं आपल्यालाच कळतं ना! उगाच 'चालतंय, सवय झाली' म्हणून सोसत बसण्यात काही मोठेपणा नाही, असं मला वाटतं.

येत्या रविवारी गाडी धुवायला काढली, की ती कडी कोणत्या खाचेवर आहे ते आधी बघा. पाना कुठे ठेवलाय तेही विचारून ठेवा. स्वतःची स्कूटर चालवत असाल आणि मागे लेकीला नाहीतर सासूबाईंना बसवत असाल, तर तिच्याही मागच्या शॉकअपला पायऱ्या आहेत का ते बघा. आणि मागे बसणारीला तेवढं विचारा, 'दणके बसतात का गं?'