संध्याकाळचा तो एक तास कोणाचा?



ऑक्टोबर महिना आला की आपल्या धर्मग्रामात दरवर्षी एकच आवाहन होते: घरी तेर्स सुरू करा. फादर वेदीवरून सांगतात, आम्ही धर्मशिक्षक वर्गात सांगतो, मारियामातेची मूर्ती घरोघरी फिरते. मूर्ती आपल्या घरी येते त्या दिवशी टीव्हीवर इस्त्री केलेला पांढरा कपडा टाकला जातो. मेणबत्त्या लागतात, शेजारीपाजारी येतात, लितानी होते, चणे वाटले जातात. दुसऱ्या दिवशी मूर्ती पुढच्या घरी जाते आणि टीव्हीवरचा कपडा निघतो. वर्षातून एक संध्याकाळ मातेची, बाकीच्या ३६४ मालिकांच्या आणि मॅचच्या. या सवयीविरुद्ध मला आज स्पष्ट बोलायचे आहे. काहींना राग येईल, पण वर्गात मुले समोर बसलेली असताना जे दिसते ते लपवणे मला बरे वाटत नाही.

माझे म्हणणे एका ओळीत सांगतो. प्रत्येक ख्रिस्ती घरात रोज एक तास टीव्ही बंद आणि फोन बाजूला असला पाहिजे. याला मी जास्तीची भक्ती म्हणत नाही. लग्नाच्या दिवशी वेदीसमोर आपण मुलांना श्रद्धेत वाढवण्याचे वचन दिले, त्याचा हा अगदी कमीत कमी हप्ता आहे.

यावर पहिले उत्तर ठरलेले असते: "सर, आम्ही सगळे एकत्रच बसून बघतो की." लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय आठवा. येशू बारा वर्षांचा असताना कुटुंब सणासाठी यरुशलेमला गेले होते. परत निघाल्यावर मारिया आणि योसेफ एक दिवसाची वाट चालून गेले. मुलगा सोबतच्या लोकांत असेल असे त्यांनी गृहीत धरले होते. तांडा एकच, रस्ता एकच, पण मुलगा त्यात नव्हता. पवित्र कुटुंबाच्या बाबतीतही असे घडू शकते, तर आपण कोण? एका सोफ्यावर चौघे बसले आणि चौघांचीही तोंडे एकाच दिशेला असली म्हणजे ते एकत्र आहेत असे आपण धरून चालतो. मुलगी शाळेत कशामुळे रडली, मुलाची संगत बदलली आहे का, आजी दोन दिवस जेवत का नाही, हे जाहिरातीच्या मध्यंतरात कळत नाही. मारिया आणि योसेफ लक्षात येताच मागे फिरले आणि तीन दिवसांनी मुलगा सापडेपर्यंत शोधत राहिले. आपण मात्र मागे वळूनही पाहत नाही.

आणि "सगळे एकत्र" म्हणताना आई कुठे असते तेही एकदा मोजा. टीव्हीसमोर नवरा, मुले आणि सासरे. ती स्वयंपाकघरात चपात्या लाटत असते. मधूनच दारात येऊन, हातातले लाटणे तसेच धरून, दोन मिनिटे पडद्याकडे बघते आणि परत जाते. टीव्ही बंद झाला तर निदान मेथी निवडायला आणि ताटे मांडायला चार हात मोकळे होतील. माझ्या मते कौटुंबिक प्रार्थनेची खरी सुरुवात तिथूनच होते.

दुसरे उत्तर शिकलेल्या घरांतून येते: "वेळ किती यापेक्षा तो कसा, हे महत्त्वाचे. आम्ही क्वालिटी टाइम देतो." हा शब्द ऐकायला छान आहे आणि सोयीचाही आहे. महिन्यातून एकदा हॉटेल, वर्षातून एकदा गोव्याची सहल, भरपूर फोटो. पण मूल आपल्या मनातली गोष्ट आपल्या वेळापत्रकाप्रमाणे सांगत नाही. ते वाटाणे सोलताना, दिवे गेल्यावर, झोपायच्या आधी अंथरुणात, भलत्याच वेळी बोलते. त्या वेळी आपण मोकळे सापडलो तरच ते बोलते. जुन्या करारातील अनुवादच्या सहाव्या अध्यायात परमेश्वराच्या आज्ञा मुलांना कधी शिकवायच्या ते सांगितले आहे: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. म्हणजे दिवसाच्या अगदी साध्या वेळा. तिथे सहलीचा उल्लेख नाही. रोजच्या साध्या तासाला पर्याय म्हणून कोणी क्वालिटी टाइम पुढे करत असेल, तर ती पळवाट आहे.

तिसरे उत्तर सर्वांत धार्मिक आणि म्हणून सर्वांत कठीण: "आम्ही टीव्हीवर तेर्सच लावतो. लाइव्ह मिस्साही बघतो." मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि चर्चची दारे बंद झाली, तेव्हा पडद्यावरच्या मिस्साने आपल्याला धरून ठेवले. त्याबद्दल देवाचे आभार. पण दारे कधीच उघडली आहेत. आता टीव्हीतला आवाज नमो मारिया म्हणतो आणि घरातले लोक मोबाईल चाळत मध्येच ओठ हलवतात. तेर्स यंत्राने म्हटली, घराने म्हटली नाही.

ख्रिस्तसभेला टीव्हीचे वावडे आहे असे कोणी समजू नये. पोप पायस बारावे यांनी १९५८ मध्ये असिसीच्या संत क्लारा यांना दूरदर्शनच्या आश्रयदात्या संत म्हणून घोषित केले. त्यामागची परंपरा अशी की १२५२ च्या नाताळच्या रात्री त्या आजारी होत्या, चर्चमध्ये जाऊ शकत नव्हत्या, आणि तिथली उपासना त्यांना आपल्या खोलीतच अनुभवायला मिळाली. यातला मुद्दा नीट बघा. त्या जाऊ शकत नव्हत्या म्हणून ती कृपा त्यांच्याकडे आली. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना टीव्हीवरचा मिस्सा ही तशीच कृपा आहे. धडधाकट माणसाने सोफ्यावर पाय पसरून तीच कृपा मागणे म्हणजे संत क्लारांची थट्टा आहे.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी ऑक्टोबर २००२ मध्ये जपमाळेवर प्रेषितीय पत्र लिहिले. त्यात त्यांनी नेमके हेच दाखवून दिले: आजची कुटुंबे क्वचितच एकत्र येतात, आणि जे थोडे क्षण मिळतात तेही पुष्कळदा टीव्ही बघण्यात जातात. घरातली जपमाळ माणसांना पुन्हा एकमेकांच्या डोळ्यांत बघायला, बोलायला आणि क्षमा करायला शिकवते, असा त्यांचा विचार होता. तेव्हा प्रत्येकाच्या खिशात पडदा नव्हता. आज एकाच घरात चार पडदे आहेत. "मोबाईलच्या मानाने टीव्ही बरा, निदान सगळे एका खोलीत असतात," असे म्हणणाऱ्यांना मी विचारतो, एका रोगाची तुलना दुसऱ्या रोगाशी करून आपण निरोगी कसे ठरतो?

आता खरी काळजी सांगतो. आमच्या बेळगाव-खानापूर भागात मूल शाळेत इंग्रजी शिकते, बाहेर कन्नड लागते, आणि कार्टूनमधून हिंदी आपोआप येते. मराठी किंवा कोंकणी त्याला एकाच ठिकाणी मिळते, ते म्हणजे घर. ते घरच संध्याकाळी गप्प बसले तर? वर्गात मी मुलांना विचारतो, क्रुसाची खूण कोणी शिकवली? पूर्वी उत्तर यायचे, "आजीने." आता मुले माझ्याकडेच बोट दाखवतात. मुलाला 'आवर फादर' येते, आजीला 'आमच्या स्वर्गातील बापा' येते, आणि दोघे एका घरात राहून एकत्र एक प्रार्थना म्हणू शकत नाहीत. आजीचे माहेर कुठले, आजोबा या गावात कसे आले, घरातला जुना क्रूस कोणी आणला, हे बहुतेकांना सांगता येत नाही. आजी गेली की हे सगळे तिच्याबरोबर जाईल. ते पुन्हा कुठल्याही वाहिनीवर लागणार नाही.

"आजीलाच तर टीव्ही हवा असतो," असेही मला ऐकवले जाते. खरे आहे. पण दिवसभर तिच्याशी दुसरे कोणी बोलतच नाही, मग ती काय करणार? तिच्या दुपारच्या मालिकांवर माझा आक्षेप नाही. संध्याकाळी एक तास नातवंडे तिच्यासमोर बसवा आणि मग विचारा, तिला काय हवे.

पालकांना हिशेबच हवा असेल तर तोही देतो. रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग एक तासाचा. परीक्षा, सुट्ट्या आणि फेस्त वगळले तर वर्षाला जेमतेम तीस-पस्तीस तास हाती लागतात. रोजचा एक तास म्हणजे वर्षाचे ३६५ तास. तीस तासांत आम्ही श्रद्धा शिकवावी आणि उरलेल्या वर्षात घराने ती विसरायला लावावी, हे चालणार नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने कुटुंबाला घरातली ख्रिस्तसभा म्हटले आणि आई-वडिलांना मुलांचे पहिले श्रद्धाशिक्षक. आम्ही दुसरे. पहिल्यांनी राजीनामा दिला तर दुसऱ्यांच्या हातून फार काही होत नाही.

दोष फक्त घरांना देणे मात्र अन्यायाचे होईल. धर्मग्रामानेही आपल्याकडे बघावे. सोमवारी गायनवृंदाचा सराव, मंगळवारी युवक संघ, बुधवारी नोव्हेना, गुरुवारी फेस्त समिती, आणि सगळे संध्याकाळी सात ते नऊ! घरी एकत्र प्रार्थना करा असे सांगणारे आम्हीच घरातली माणसे एकेक करून बाहेर बोलावतो. माझी धर्मग्राम परिषदेला जाहीर विनंती आहे: आठवड्यातल्या निदान तीन संध्याकाळी सातनंतर कोणतीही सभा ठेवू नका. फेस्ताच्या मंडपाचा रंग रविवारी मिस्सानंतरही ठरवता येतो.

घरांना विनंती एवढीच. साडेसात ते साडेआठ, किंवा तुम्हाला जमेल तो तास. टीव्ही बंद, फोन एका टोपलीत, आणि पहिला फोन वडिलांचा. वडिलांनी ठेवला नाही तर मुलांना सांगायचा अधिकार त्यांना नाही. एकत्र जेवा. तेर्स पूर्ण होत नसेल तर एक दशक म्हणा, पण आजीच्या भाषेत म्हणा. मग गप्पा मारा. पहिले चार दिवस कोणाला बोलायला सुचणार नाही, भांडणेही होतील. होऊ द्या. भांडायला तरी एकमेकांकडे बघावे लागते.

आणि कृपा करून हे प्रायश्चित्तकाळातला उपवास म्हणून करू नका. उपवास चाळीस दिवसांनी सुटतो आणि सुटला की माणूस दुप्पट खातो. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य प्रभूबरोबर मैलोन्‌मैल चालले, तरी त्यांनी त्याला ओळखले नाही. ओळखले ते संध्याकाळी, घरात, एका टेबलाशी बसून भाकर मोडताना. तो तास प्रभूने स्वतः निवडला होता. आपल्या घरी तो आजही त्याच वेळेला येतो. निदान त्याला आपले बोलणे ऐकू जाईल इतका तरी आवाज बंद करा.

प्रभू आपल्या कुटुंबांना एकत्र राखो.