ड्रोनच्या फवारणीपूर्वी बांधावरची तयारी

पाठीवर पंप घेऊन कपाशीत शिरणारा मजूर स्वतःच सोडलेल्या फवाऱ्यातून चालत असतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हा या पद्धतीतील धोका सर्वांच्या नजरेस आला. ड्रोनने माणसाला त्या फवाऱ्यातून बाहेर काढले, हा त्याचा सर्वांत मोठा गुण होय. वेळ व मजुरी यांची बचत त्यामानाने दुय्यम समजावी.

परंतु शेतातला धोका आता बांधावर येऊन बसला आहे. हातपंपाच्या फवारणीस एकरी १५० ते २०० लिटर पाणी लागते. ड्रोन तितक्याच क्षेत्राला औषधाची तीच मात्रा सुमारे १० लिटर पाण्यातून देतो. म्हणजे टाकीतील द्रावण १५ ते २० पट तीव्र असते, आणि ते कालविणारा मदतनीस पुष्कळदा हातमोज्यावाचूनच उभा असतो. म्हणून सुरक्षिततेचा विचार प्रथम या बादलीपाशी व्हावयास हवा. हातमोजे, तोंडावर मुखपट्टी, डोळ्यांना चष्मा आणि जवळ साबण व स्वच्छ पाणी नसेल, तर औषधाची बाटली उघडूच नये.

‘पंपाला इतकी झाकणे’ ही आपल्याकडील मापाची रीत येथे कामाची नाही. मात्रा एकरावर धरावी, आणि त्या औषधास ड्रोनने फवारण्याची मान्यता आहे काय, हे आधी पाहावे. दोन औषधे एकत्र करावयाची असल्यास टाकीतील प्रमाणातच ती काचेच्या बाटलीत मिसळून थोडा वेळ ठेवावीत. २०० लिटर पाण्यात निमूट मिसळणारी औषधे १० लिटरांत कधी कधी फाटतात व नोझल तुंबते. टाकीत याआधी काय होते, हेही चालकास विचारावे. उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारलेली टाकी नीट न धुता कपाशीवर नेली, तर कपाशीची पाने अरुंद होऊन बोटांसारखी दिसू लागतात, आणि मग दोष मात्र बियाण्याला दिला जातो!

यानंतर चालकाने शेताच्या कडेने एक फेरी पायीच मारावी. विजेच्या खांबाला दिलेली ताणाची तार मोबाइलच्या नकाशात दिसत नाही. परतीची उंची सर्वांत उंच झाडाहून व तारांहून अधिक ठेवावी. दिशादर्शकाची जुळणी ट्रॅक्टर, लोखंडी खांब व पत्र्याचे छप्पर यांपासून दूर करावी. पाती व त्यांचे स्क्रू हाताने चाचपून पाहावेत. फुगलेली बॅटरी वापरू नये. उतरविलेली गरम बॅटरी निवल्यावाचून चार्जिंगला लावू नये. गावात ड्रोन आला की मुलांचा मेळावा जमतोच. त्यांना दूर ठेवण्याचे काम शेतमालकाने पत्करावे, कारण चालकाचे लक्ष तेव्हा यंत्रावर असते.

वाऱ्याची परीक्षा चिमूटभर धूळ सोडूनही होते. वारा जोराचा असेल तर थांबावे; पहाटे हवा अगदी निश्चल असते तेव्हाही थांबावे, कारण बारीक थेंब खाली न बसता तरंगत राहतात व भलतीकडे जातात. शेजारी तुतीची लागवड असेल, तर थोडेसे औषधही रेशीमअळ्यांचा घात करते. बीड-जालन्याकडील रेशीम उत्पादकांना हे सांगावयास नको. शेजाऱ्यांना व मधुपेट्या ठेवणाऱ्यांना आदल्या दिवशीच कळवावे.

‘ड्रोन नियम, २०२१’ नुसार फवारणीच्या ड्रोनला नोंदणी क्रमांक व विमा असावा लागतो, आणि चालकाकडे मान्यताप्राप्त संस्थेचे प्रशिक्षण घेऊन मिळविलेले प्रमाणपत्र असावे लागते. ही कागदपत्रे ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी निःसंकोच मागावीत. शेत विमानतळाच्या किंवा लष्करी क्षेत्राच्या आसपास असल्यास लाल व पिवळ्या क्षेत्रांचा नकाशा त्याच दिवशी पाहावा.

एवढे असूनही तयारी टाळली जाते, याचे खरे कारण भाड्याची रीत हे आहे. भाडे एकरावर ठरते. त्यामुळे बांधावर घालविलेली पंधरा मिनिटे चालकाला तोट्याची वाटतात, आणि वाऱ्यामुळे परत गेलेला चालक तर रिकाम्या हातानेच जातो. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत महिला बचत गटांकडेही ड्रोन येत आहेत. त्यांच्यापुढेही हाच पेच उभा राहणार. फवारणी पुढे ढकलल्यास येण्याजाण्याचा खर्च शेतकऱ्याने द्यावा, असे गावातील गटांनी हंगामापूर्वीच ठरवून घ्यावे. औषधाच्या एका बाटलीच्या मानाने ही रक्कम फारशी नाही.